मोटारीला घरच्या घरी रंग



मोटार म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे ऐश्वर्य उभे राहते, त्यांनी माझी मोटार पाहिलेली नाही. शिक्षकाच्या दारात मोटार येते ती बहुधा दुसऱ्याच्या दारात म्हातारी होऊनच. आमचीही तशीच आली. 2010 सालच्या मार्चमध्ये नोंदलेली ही पांढरी मारुती 800 मी 2018 साली विकत घेतली. पुढे आईचे मूत्रपिंड निकामी झाले आणि आठवड्यातून दोनदा तिला रक्तशुद्धीकरणासाठी रुग्णालयात नेणे क्रमप्राप्त झाले. तेव्हापासून ही मोटार आमच्या घरातील चैनीची वस्तू न राहता औषधाच्या बाटलीसारखी गरजेची होऊन बसली.

खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपताना गाडी परिवहन कार्यालयात नेऊन दाखवावी लागते. ती रस्त्यावर चालविण्यास योग्य ठरली तर नोंदणी आणखी पाच वर्षांनी वाढवून मिळते. आमची मुदत 2025 सालच्या मार्चमध्ये संपत होती. यंत्र ठणठणीत होते, परंतु अंगाची अवस्था केविलवाणी झाली होती. बेळगावचा पाऊस घाटावरचा असला तरी कोकणच्या पावसाशी त्याचे सख्खे नाते आहे. चार महिने उघड्यावर भिजणाऱ्या पत्र्याला तो सोडीत नाही. दारांच्या कडांना फोड आले होते, मागच्या चाकावरील मडगार्डाचा रंग पापुद्र्यांनी सुटत होता आणि छतावरची चकाकी तर केव्हाच उडून गेली होती.

गावातील एका रंगशाळेत चौकशी केली. तेथील गृहस्थांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि बत्तीस हजार रुपयांचा अंदाज सांगितला. त्या वर्षी मुलीच्या महाविद्यालयाची फी भरावयाची होती. मी आभार मानून परतलो, आणि वाटेतच मनाशी ठरविले की हे काम आपण घरीच करावयाचे. ते मी केले. पण पहिल्या खेपेस चुकीच्या रीतीने केले आणि दुसऱ्या खेपेस बऱ्या रीतीने. त्या दोन्ही खेपांत जे शिकलो तेच आज आपणांस सांगणार आहे.

प्रथम रंग म्हणजे काय, ते पाहू. कारखान्यातून नव्या निघालेल्या मोटारीवर अस्तरापासून वरच्या लेपापर्यंत जे सारे थर असतात, त्यांची एकूण जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर असते. म्हणजे आपल्या वहीच्या एका पानाएवढी. ऊन, पाऊस, चिखल आणि खडे यांपासून पोलादाला राखणारे सारे कवच एवढेच! हे कवच कोठे फुटले की तेथे पाणी आणि हवा लोखंडाला भेटतात आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. म्हणून तो भोवतालचा रंग उचलून धरतो, त्या फटीत आणखी पाणी शिरते आणि गंज पुढे सरकतो. दाराच्या कडेला दिसणारा फोड म्हणजे केवळ वरचा डाग नव्हे. आतून चालत आलेल्या रोगाचे ते बाहेरचे लक्षण होय.

मोटारी प्रथम निघाल्या तेव्हा त्यांना घोडागाड्यांप्रमाणेच कुंचल्याने तेलयुक्त वॉर्निश लावीत. एक थर द्यावयाचा, तो वाळू द्यावयाचा, घासावयाचा आणि पुन्हा दुसरा द्यावयाचा. एका गाडीच्या रंगकामाला कित्येक आठवडे लागत. हेन्‍री फोर्ड यांची प्रसिद्ध टी जातीची मोटार 1914 पासून 1925 पर्यंत केवळ काळ्या रंगातच मिळत असे. वेगाने होणाऱ्या उत्पादनात रंग वाळण्यासाठी थांबणे कारखान्याला परवडणारे नव्हते. 1923 साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने ड्यू पाँट या कंपनीचे नायट्रोसेल्युलोजपासून केलेले लॅकर आपल्या ओकलंड मोटारींवर वापरले. ते तासाभरात वाळे आणि फवाऱ्याने मारता येई. त्याचे व्यापारी नाव ‘ड्यूको’. आज शंभर वर्षांनंतरही आपल्याकडील रंगारी अशा रंगाला ‘ड्यूको’च म्हणतात. कंपनीचे नाव असे सामान्यनाम होऊन बसले.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की फवारा, भट्टी आणि झटपट वाळणारे रंग हे सारे शोध मुख्यतः कारखान्याचा वेळ वाचविण्यासाठी लागले आहेत. घरी काम करणाऱ्या सामान्य माणसाची स्थिती नेमकी उलटी असते. त्याच्यापाशी यंत्र नसते, पैसा नसतो. परंतु रोजचा तासभर, रविवारची दुपार आणि सुट्टीचे चार दिवस असतात. त्याने कारखान्याची नक्कल करू नये. जुन्या घोडागाडीच्या रंगाऱ्याची रीत त्याला अधिक मानवते. हे शहाणपण मला पहिल्या अपयशानंतर सुचले.

ते अपयश असे. 2024 च्या दसऱ्याच्या सुट्टीत मी कामाला हात घातला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. “सर, घेऊन जा, चार दिवसांनी द्या,” म्हणून त्याने हवेचा कॉम्प्रेसर आणि फवारणीची बंदूक मोठ्या आनंदाने दिली. मी ड्यूको आणि थिनर आणले, घराच्या पोर्चमध्ये जुनी लुगडी आडवी बांधून आडोसा केला, नाकाला हातरुमाल गुंडाळला आणि पॉलिश पेपर वरवर फिरवून बॉनेटवर रंग मारावयास सुरुवात केली.

पहिली पाच मिनिटे मी स्वतःवर फार खूष होतो. सहाव्या मिनिटाला बॉनेटच्या मध्यभागी सुरकुत्या दिसू लागल्या. उकळून निवालेल्या दुधावर साय आकसावी तसा सारा लेप आकसून वर आला. दुसरीकडे दारावरचा रंग सुकला खरा, पण चकाकण्याऐवजी खडूची भुकटी चोळल्यासारखा पांढरट आणि निस्तेज झाला. मी बंदूक हातात धरून हे पाहत उभा असतानाच आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला. तिच्या खोलीची खिडकी पोर्चमध्येच उघडते. मी ती लावून घेतली होती. पण थिनरचा वास फटींतून आत गेलाच. तिचा खोकला थांबेना, श्वास लागला. पत्नीने तिला मागच्या दाराने अंगणात नेऊन बसविले. तासाभराने तिला बरे वाटले. ती एवढेच म्हणाली, “बाळा, गाडी माझ्यासाठीच रंगवतोस ना?” त्या प्रश्नात तक्रार नव्हती, म्हणूनच तो मला फार लागला. त्याच सायंकाळी मी कॉम्प्रेसर परत केला.

आता या तीन गोष्टींची कारणे क्रमाने पाहू.

सुरकुत्या का पडल्या? बॉनेटवर पूर्वीच्या मालकाने कधीतरी साधे सिंथेटिक एनॅमल लावले होते, हे मला ठाऊक नव्हते. ड्यूको वाळतो तो त्यातील द्रावक उडून जाऊन. एनॅमल वाळते ते हवेतील प्राणवायू शोषून. ड्यूकोचे थिनर फार तीव्र असते. ते एनॅमलच्या थरात शिरले की तो थर फुगतो आणि पत्र्यापासून सुटतो. म्हणून जुना नियम असा की एनॅमलवर ड्यूको मारू नये. गाडीवर कोणता रंग आहे हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एखाद्या झाकल्या जाणाऱ्या जागी थिनरचा बोळा थोडा वेळ दाबून धरावा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर तो ड्यूको. सुरकुतला तर हवेवर वाळलेले एनॅमल. आणि काहीच झाले नाही तर बहुधा कारखान्यात भट्टीत भाजलेला मूळ रंग. ही एका मिनिटाची परीक्षा मी केली असती तर बॉनेट वाचले असते.

दारावर पांढरटपणा का आला? त्या दिवशी परतीच्या पावसाचे ढग होते आणि हवा दमट होती. द्रावक झपाट्याने उडू लागला की पृष्ठभाग थंड होतो. तळहातावर स्पिरिट घेतल्यास गार लागते ते याचमुळे. थंड पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचे बारीक थेंब जमतात आणि ओल्या रंगातच अडकून पडतात. शाळेत दवबिंदूचा धडा मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. तो माझ्याच दारावर लिहून निघाला!

आणि आईचा श्वास? त्याचे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत गंभीर. फवारणीत रंगाचा बराचसा भाग गाडीवर न बसता हवेत तरंगत राहतो. हातरुमालाने धूळही नीट अडत नाही. द्रावकाची वाफ तर मुळीच अडत नाही. मी ड्यूको वापरला होता म्हणून थोडक्यात निभावले, असेच म्हणावे लागेल. आजकाल रंगशाळांतून जो चकचकीत दोन-भागी पॉलियुरेथेन रंग वापरतात, त्याच्या कठीणकारकात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या तुषारांनी धडधाकट कारागिरांनाही कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणाऱ्या मुखवट्यावाचून आणि हवा खेचून घेणाऱ्या स्वतंत्र खोलीवाचून तो रंग फवारू नये. घरी तर तो कदापि फवारू नये, मग तो कितीही सुंदर दिसो.

काटकसरीचे दोन प्रकार असतात, श्रोतेहो. एक काटकसर आपण आपल्या श्रमाने आणि वेळाने भरून काढतो; ती आपली असते. दुसरी काटकसर आपल्या नकळत दुसऱ्याच्या छातीवर जाऊन बसते. मी पहिली करतो आहे असे समजून दुसरी करीत होतो.

यानंतर जवळजवळ दोन महिने गाडी तशीच, अर्धवट सोललेल्या बटाट्यासारखी, हिंडत राहिली. शाळेतील मुलांनी तिचे नावही ठेवले. ते येथे सांगण्याचे कारण नाही. दरम्यान आमच्या वस्तीतील एका वयस्क रंगाऱ्याची गाठ पडली. सारे त्यांना चाचा म्हणतात. माझी कर्मकथा ऐकून ते हसले आणि म्हणाले, “मास्तर, रंग म्हणजे शेवटच्या दिवशी येणारा पाहुणा. तुम्ही घर झाडायच्या आधीच त्याला बोलावलंत.” त्यांच्या सल्ल्याने आणि माझ्या थोड्या वाचनाने दुसऱ्या खेपेची योजना ठरली: सिंथेटिक एनॅमल, स्पंजाचा लहान रूळ आणि भरपूर धीर.

रुळाने मोटार रंगविता येते हे ऐकून अनेकांना हसू येते. परंतु यात नवल काहीच नाही; कुंचल्याच्या युगातील रीतच ती. रुळाने तुषार उडत नाहीत. म्हणून रंग वाया जात नाही आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही जात नाही. द्रावक म्हणून मिनरल टर्पेन्टाइन लागते. तेही वासाचे असते, परंतु ड्यूकोच्या थिनरइतके उग्र नाही. तरीही मी काम पोर्चमधून हलवून घरामागच्या उघड्या अंगणात नेले आणि ज्या दिवशी आई रुग्णालयात असे त्याच दिवशी रंगाचा हात देण्याचा नेम ठेवला. तिला तेथे सोडावयाचे, चार तास घरी काम करावयाचे आणि शेजाऱ्यांच्या गाडीने तिला आणावयाचे, असा क्रम बसला.

जानेवारीची कोरडी हवा आली आणि पूर्वतयारी सुरू झाली. एकूण श्रमांपैकी तीन-चतुर्थांश श्रम येथेच खर्ची पडतात, हे आधीच मनाशी पक्के करून ठेवावे.

प्रथम गाडी साबणाच्या पाण्याने धुतली. मग टर्पेन्टाइनच्या फडक्याने पुसून, कोरडी करून, पुन्हा धुतली. कारण पत्र्यावर तेल किंवा पॉलिशचा अंश राहिला तर रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रे पडतात. दिवे, बंपर, दारांच्या मुठी, जे जे सुटण्यासारखे होते ते ते काढून ठेवले आणि त्यांचे स्क्रू निरनिराळ्या डब्यांत चिठ्ठ्या घालून ठेवले. चिकटपट्टी लावून भाग झाकण्यापेक्षा तो काढून ठेवणे केव्हाही चांगले.

त्यानंतर गंज. येथे मी एक लोहचुंबक घेऊन सारी गाडी तपासली. पत्र्यावर तो घट्ट बसतो; जेथे खाली जाड लांबी भरलेली असते तेथे ढिला पडतो. डाव्या दाराखालच्या पट्ट्यावर, ज्याला कारागीर रनिंग बोर्ड म्हणतात त्यावर, चुंबक बसेचना. पेचकस टोचला तो सरळ आत गेला. कोणी तरी कुजलेल्या पत्र्याच्या भोकात लांबी कोंबून वरून रंग दिला होता! अशा मोटारीला वेगळा सांगाडा नसतो. तिचा पत्राच भार वाहतो आणि अपघातात धक्का सोसतो. दाराखालचा हा पट्टा म्हणजे घराची तुळई होय. तेथे लांबी भरणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला चुना फासणे. येथे मी घरचे काम थांबविले आणि वेल्डिंगच्या कारागिराकडून कुजका भाग कापून नवा पत्रा बसवून घेतला. अडीच हजार रुपये गेले. साऱ्या कामातील सर्वांत योग्य खर्च हाच.

अन्य ठिकाणचा गंज वरवरचा होता. तो तारेच्या ब्रशाने आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला. बारीक खळग्यांत जो उरला त्यावर फॉस्फरिक आम्लयुक्त गंजनाशक लावले. ते गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. मात्र हातमोजे आणि चष्मा घालूनच ते हाताळावे, आणि बाटलीवर सांगितल्याप्रमाणे नंतरचे धुणे-पुसणे करावे. उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी रेड ऑक्साइडच्या अस्तराने झाकावा. रात्रभराच्या दवानेही त्यावर तांबूस झाक येते.

लहान पोच्यांत पॉलिएस्टर लांबी भरली. लांबी स्वच्छ, खरखरीत पृष्ठभागावरच भरावी, पातळ थरांनी भरावी आणि ती कोरडीच घासावी. तिचा पोत सच्छिद्र असतो. पाणी लावून घासल्यास ते आत मुरते आणि खालून पुन्हा गंजाला निमंत्रण जाते. कोरड्या घासण्याची धूळ मात्र वाईट. तेथे चांगला मुखवटा लावावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे. सारखेपणा डोळ्यांनी पाहू नये. डोळे मिटून तळहात फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा हाताला कळतो, आणि चकचकीत रंग बसल्यावर तो जगालाही दिसतो.

उरलेल्या चांगल्या रंगावरची चकाकी 320 नंबरच्या कागदाने मोडली. नव्या थराला पकड मिळण्यासाठी तो जुना रंग खरवडून काढण्याची गरज नसते. तो निस्तेज होणे पुरेसे असते. बॉनेट मात्र संपूर्ण खरवडावे लागले. माझ्या चुकीची ती शिक्षा, आणि ती दोन रविवार पुरली. अस्तरावर पांढरा अंडरकोट दिला; कारण रेड ऑक्साइडवर सरळ पांढरा रंग लावला तर तीन हातांनंतरही खालची लाली डोकावत राहते.

आता प्रत्यक्ष रंग. एनॅमल टर्पेन्टाइनने दुधाइतके पातळ केले आणि फडक्यातून गाळून घेतले. चार इंची, दाट स्पंजाचा रूळ घेतला. रूळ बुडवून, ताटलीत निपटून, एका वेळी एकच भाग घेतला. एक दार, मग मडगार्ड, मग बॉनेट. रंग पसरला की रुळाचे केवळ स्वतःचे वजन ठेवून, न दाबता, एकाच दिशेने तो शेवटचा फिरवावा म्हणजे बुडबुडे फुटतात. पहिला हात अगदी विटका दिसतो, धुक्यातून पाहिल्यासारखा. येथे माणसाचा धीर सुटतो आणि तो दाट रंग फासतो. तसे करू नये. जाड थराची वरची साय आधी वाळते, आतला भाग ओलाच राहतो आणि पुढे त्यावर ओघळ व सुरकुत्या पडतात. सहा पातळ हात तीन जाड हातांपेक्षा लवकर वाळतात आणि अधिक टिकतात.

दोन हातांमध्ये निदान एक पूर्ण दिवस जाऊ दिला. दर दोन हातांनंतर 600 नंबरचा पाण्यातला पॉलिश पेपर हलकेच फिरवून रुळाची खरखर काढली. पाचव्या हातापूर्वी 800 चा घेतला. काम सकाळी दहानंतर, दव पूर्णपणे उडाल्यावर सुरू करावयाचे आणि तीनच्या आत आटोपावयाचे, म्हणजे सायंकाळच्या गारव्यापूर्वी रंग हाताला न चिकटण्याइतका सुकतो. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावरही रंग लावू नये. अंगणात आधी पाणी शिंपडावे म्हणजे धूळ बसते. टर्पेन्टाइन आणि रंगाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. काम चालू असता जवळ विडी, शेगडी, फार काय घरातील वेदीपुढची मेणबत्तीसुद्धा नसावी.

सहावा हात झाल्यावर गाडी दोन आठवडे तशीच राहू दिली. एनॅमल वरून सुकले तरी आतून घट्ट होण्यास वेळ घेते. त्यानंतर 1000, 1500 आणि 2000 नंबरचे कागद साबणाच्या पाण्यात भिजवून क्रमाने फिरविले आणि रबिंग कंपाउंडने चोळून काढले. कडा आणि कंगोऱ्यांवर हात आवरता धरला, कारण तेथे थर लवकर झिजतो. त्या दिवशी दारात प्रथमच मला माझा चेहरा दिसला. थोडा अंधूक, पण ओळखता येण्याजोगा.

हिशेब सांगतो. वेल्डिंगचे अडीच हजार. एनॅमल, अस्तर आणि अंडरकोट मिळून बावीसशे. पॉलिश पेपर नऊशे. लांबी, टर्पेन्टाइन, रूळ वगैरे आठशे. मुखवटा, हातमोजे आणि चिकटपट्ट्या चारशे. एकूण सहा हजार आठशे. पहिल्या खेपेत वाया गेलेले एकोणीसशे त्यात मिळविले तर आठ हजार सातशे. श्रमाचे तास सुमारे सत्तर. ज्यांचा वेळ मोलाचा आहे त्यांनी हा व्यवहार करू नये. रंगशाळेतील कारागिराला त्याचे दाम द्यावेत. सत्तर तास घासल्यानंतर ते दाम मला मुळीच अवाजवी वाटत नाहीत.

या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. धातूची चमक असलेले रंग आणि त्यांवरचा पारदर्शक लेप रुळाने जमत नाहीत. साधा, सपाट रंगच जमतो. पांढरे एनॅमल वर्षांमागून किंचित पिवळसर होते. कारखान्याचा भाजलेला रंग जितका टिकतो तितका हा टिकणार नाही. नव्या अथवा विकावयाच्या गाडीवर हा प्रयोग करू नये. आणखी दोन गोष्टी. नोंदणीपत्रात गाडीच्या रंगाची नोंद असते. दुसरा रंग द्यावयाचा झाल्यास परिवहन कार्यालयाला कळवून ती बदलून घ्यावी लागते. आम्ही पांढऱ्याला पांढराच दिला. आणि चासीवर कोरलेला क्रमांक घासू नये की रंगाने बुजवू नये. तपासणीत तोच प्रथम पाहतात.

मार्चमध्ये गाडी दाखविण्यास नेली. अधिकाऱ्यांनी क्रमांक पाहिला, दिवे लावावयास सांगितले, ब्रेक तपासला. माझ्या सहा हातांच्या रंगाकडे त्यांनी क्षणभरही पाहिले नाही, याचे मला थोडे वाईटच वाटले. मग ते वाकले आणि डाव्या दाराखालच्या पट्ट्यावर बोटांच्या पेरांनी दोन टिचक्या मारल्या. आवाज खणखणीत आला. “पत्रा नवा घातला का?” त्यांनी विचारले. मी होय म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या गाडीकडे वळले.

आता आणखी पाच वर्षे ती आमच्या सेवेस आहे. दहा पावलांवरून ती नव्यासारखी दिसते; दोन पावलांवरून बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात पहिल्या खेपेची एक सुरकुती दिसते. ती मी मुद्दाम ठेवली असे म्हणणे खोटे होईल. ती घासण्याचा मला कंटाळा आला. आईला ती जागा ठाऊक आहे. गाडीत बसण्यापूर्वी ती कधी कधी तिच्यावरून बोट फिरविते आणि काही न बोलता दार उघडते.

आपल्यापैकी कोणी अशा कामास हात घालणार असेल तर पावसाळा संपून हवा कोरडी होईपर्यंत थांबावे, चुंबक व पेचकस घेऊन आधी खालचा पत्रा पाहावा, आणि घरातील सर्वांत अशक्त माणसाची खोली कोणत्या बाजूला आहे ते ध्यानात घेऊन मग कामाची जागा ठरवावी. रंगाचा डबा त्यानंतर उघडावा. त्याला घाई नसते.